माग आणि क्रोशा शिकवण्याची पुस्तिका व व्हिडिओ : कसे करावेत?

चौकडा (फोंडा)

नमस्कार मंडळी.

आम्ही गोव्यातले काही शिक्षक आणि एका महिला मंडळातल्या विणकर बायका मिळून एक काम हाती घेतले आहे. कुणबी कापडाचे चौकडे हातमागावर विणायला आणि क्रोशाची लेस करायला शिकवणारी पुस्तिका, आणि तिच्या जोडीला छोटे व्हिडिओ. छापील प्रत हातात असावी, फोनवर व्हिडिओ असावा आणि दोन्ही एकमेकांना धरून असावेत, एवढी अपेक्षा आहे. इथे विणकामाचे, छपाईचे, शाळेचे लोक आहेत म्हणून धागा काढतोय.

अशा विषयावरच्या पुस्तिका मी जमवून वाचतो आहे. बहुतेकांची मांडणी एकच. सुरुवातीला इतिहास, मग गावडा-कुणबी बायकांचा जुना फोटो, डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे कापड फॅशनच्या जगात कसे नेले त्याचा परिच्छेद, मग अवजारांची चित्रे. आणि जिथे खरे शिकणे सुरू व्हायला हवे तिथे एक वाक्य : 'त्यानंतर माग लावून विणकाम सुरू करावे.' इतिहास मलाही प्रिय आहे. भाताच्या शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला सोयीचे म्हणून आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसायचे ते तांबडे-पांढरे कापड, त्याच्यामागे पिढ्यांचे शहाणपण आहे. पण तो वाचून कुणाला धोटा (आडवा दोरा घेऊन जाणारे लाकडी साधन) फेकता येणार नाही. धोटा फेकण्यापूर्वीचे जे काम, तेच सगळ्यात मोठे आणि तेच पुस्तकांतून गायब.

एक हिशोब मांडतो, कारण आमच्या पुस्तिकेचा पहिला धडा याच हिशोबाचा असावा असे मला वाटते. फणी (उभे दोरे ज्या कंगव्यासारख्या चौकटीतून जातात ती) ६० नंबरची, म्हणजे दोन इंचांत ६० घरे. प्रत्येक घरात दोन दोरे घेतले की इंचाला ६० दोरे पडतात. फणीत रुंदी ४८ इंच धरली तर २,८८० दोरे. चौकडा अर्ध्या इंचाचा ठेवायचा तर ३० दोरे तांबडे, ३० पांढरे, म्हणजे ६० दोऱ्यांची एक आवृत्ती आणि अशा ४८ आवृत्त्या. पण एवढ्यावर थांबलात तर एक बाजू तांबड्याने सुरू होते आणि दुसरी पांढऱ्याने संपते. दोन्ही काठ सारखे दिसायला ३० तांबडे दोरे जास्त हवेत, म्हणजे २,९१०, आणि रुंदीही अर्धा इंच वाढते. शिवाय मागावरून उतरलेले कापड फणीतल्या रुंदीपेक्षा अरुंद भरते, तेही आधीच धरावे लागते. हे गणित सातवी-आठवीच्या मुलाला सहज जमेल. तरीही ते कुठे लिहिलेले सापडत नाही, मागावर बसलेल्या बाईच्या डोक्यात असते.

माझे प्रश्न असे. भाषा आणि लिपी कुठली ठेवावी? कोणता भाग कागदावर आणि कोणता व्हिडिओत? आणि जिच्याकडून आपण हे शिकून लिहितोय तिचा हक्क कसा राखायचा?

वहीफणी (डिचोली)

चौकडा, विषय काढलात, बरे केलेत. मी इचलकरंजीत मागावर वाढलो, पुढे प्रशिक्षण वर्गांत शिकवले, आता इकडे स्थायिक आहे. थोडे सविस्तर लिहितो.

तुमचा हिशोब बरोबर. त्याला सुताच्या नंबराची जोड द्या. ४० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लड्या, एकूण ३३,६०० यार्ड. नंबर वाढला की सूत बारीक होते, हे नव्या माणसाला उलटे वाटते. म्हणून नुसते वाक्य छापू नका, २०, ४० आणि ६० नंबरच्या सुताचा एकेक तुकडा पानावर चिकटवून द्या. बोटांत धरला की प्रश्नच उरत नाही.

आता क्रम. लडी उकलणे, ताणा (उभे दोरे) करणे, त्याला खळ देणे, बीम (ताणा गुंडाळायचा रूळ) भरणे, वहीतून (उभे दोरे उचलणाऱ्या फाशांतून) दोरा ओवणे, फणीतून ओढणे, पुढे बांधणे, ताण सारखा करणे, कांड्या (धोट्यातल्या दोऱ्याच्या नळ्या) भरणे आणि मग पहिली फेक. यातल्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न ठेवा : 'हे नीट झाले हे कसे ओळखाल?' ताण सारखा आहे का, हे आम्ही डोळ्यांनी बघत नाही. तळहात ताण्यावरून फिरवतो, सैल जागा हाताला लगेच कळते. अशी वाक्ये पुस्तिकेत हवीत.

पण सगळ्यात महत्त्वाची म्हणजे चुकांची पाने. शिकणारी एकटी असते तेव्हा अडते ती चुकीपाशी. आणि कापड स्वतःच सांगत असते चूक कुठे आहे. कापडात उभी रेघ किंवा फट शेवटपर्यंत जात असेल तर फणीत एखादे घर रिकामे राहिलेय किंवा एका घरात जास्त दोरे गेलेत. आडवा पट्टा दिसला तर ठोक (फणीने आडवा दोरा दाबणे) कमीजास्त झालाय, बहुधा काम थांबवून पुन्हा बसलात त्या जागी. दोरा कापडावर मोकळा तरंगतोय तर तो तुटलाय, नाहीतर वहीतून चुकीचा ओवला गेलाय. काठ आत ओढले जातायत तर आडवा दोरा फार ताणून टाकताय. चौकडा चौकोनी न येता लांबट येतोय तर इंचाला आडवे दोरे कमी पडतायत, ठोक वाढवा. आणि मोजताना ताण सैल करून मोजा, कारण ताणलेल्या अवस्थेत मोजलेले कापड मागावरून उतरल्यावर आखडते.

प्रत्येक चुकीचा जवळून फोटो, शेजारी कारण, त्याच्याखाली दुरुस्ती. तुटलेला दोरा कसा सांधायचा, गाठ कुठे यायला हवी, हे पूर्ण पानभर. असे एवढे एक प्रकरण नीट झाले तरी पुस्तिका मागाशेजारी राहील, कपाटात जाणार नाही.

चौकड्याचीच आणखी एक गोष्ट. दोन रंगांचे दोन धोटे असतात. प्रत्येक रंगाच्या फेका सम संख्येत ठेवायच्या, ३० किंवा ३२. विषम टाकल्या की धोटा पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो आणि दुसरा अलीकडे, मग काठाशी गुंता सुरू. हे तोंडी सांगितले की विसरतात, चित्रात दोन्ही धोटे एकाच बाजूला दाखवले की राहते लक्षात.

अबोली (मडगाव)

मी क्रोशाबद्दल लिहिते. सासष्टीत आणि बार्देशात हे काम घरोघरी होते. चर्चच्या वेदीवरची लेस, टेबलावरची कापडे, बाळाच्या बाप्तिस्म्याचे झबले. माझ्या शेजारच्या आंटीकडून मी शिकले. आंटी मराठी वाचत नाहीत, रोमी (रोमन) लिपीतली कोंकणी वाचतात. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या आमच्या मैत्रिणी मराठी वाचतात. शाळेतल्या मुलींना देवनागरी कोंकणीही येते. म्हणून चौकडाभाऊंच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की आधी शब्द कमी करा. क्रोशाला जगभर चालणाऱ्या खुणा आहेत. लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, टी अक्षरासारखी खूण म्हणजे अर्धा खांब, तिच्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब. या खुणांचा आराखडा एकदा वाचता आला की आंटी, मी आणि पेडण्याची मैत्रीण एकच पान वापरू शकतो. मग तिन्ही लिपींत फक्त खुणांची यादी छापा.

शब्दांनी लिहिलेल्या सूचनांत आणखी एक धोका आहे. इंटरनेटवरचे अमेरिकन नमुने ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश नमुने डबल म्हणतात, आणि पुढचे सगळे टाके एकेका पायरीने सरकतात. मुली कुठल्यातरी पानावरून नमुना उतरवतात आणि गोल रुमाल होण्याऐवजी वाटी होते. आराखड्यात ही गफलत होतच नाही.

रुमाल वाटीसारखा का होतो आणि कडेला झालर का येते, हेसुद्धा लिहा. टाके कमी वाढवले तर वाटी, जास्त वाढवले तर झालर. आंटी रुमाल टेबलावर ठेवून तळहाताने दाबायच्या आणि जिथे फुगा दिसेल तिथपर्यंत उसवायला लावायच्या. 'तशें न्हय गो, अशें,' म्हणत हात धरून करून घ्यायच्या.

आणि एक सूचना आग्रहाने करते. पुस्तिकेबरोबर नमुन्यांची पेटी द्या. एकाच फुलाच्या प्रत्येक फेरीवर थांबलेला खरा तुकडा, शेवटचा टाका उसवू नये म्हणून पिन लावलेला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, पूर्ण फूल. जुन्या बायका नमुना असाच वाचतात, लेसचा तुकडा हातात घेऊन, उजेडाकडे धरून. छापलेला कितीही सुंदर फोटो त्याची मागची बाजू दाखवत नाही.

चौकडा (फोंडा)

वहीफणी सर, चुकांचे प्रकरण आता सगळ्यात आधी करायचे ठरले. मंडळातल्या बायकांना हे वाचून दाखवले तर प्रत्येकीने आपापल्या दोन-तीन चुका सुचवल्या. अबोलीताई, पेटीची कल्पना मागालाही लागू होते. छोट्या लाकडी चौकटीवर अर्धवट विणलेली पट्टी, मुद्दाम एक घर रिकामे ठेवलेली. चूक हाताने चाचपून ओळखता येईल.

छापखाना (म्हापसा)

माझा धंदा छपाईचा, म्हणून तेवढ्यापुरते बोलतो.

तांबडा-पांढरा चौकडा रंगीत छापलात तर छानच दिसेल. पण पुस्तिका लोकांच्या हाती जाईल ती झेरॉक्स होऊन, हे गृहीत धरा. झेरॉक्समध्ये तांबडा आणि काळा दोन्ही सारखेच गडद येतात. आकृतीत तांबड्या दोऱ्याला तिरक्या रेघा, काळ्याला भरीव, पांढरा कोरा, असे ठेवा. रंग वरून द्या हवे तर, पण रंग गेला तरी आकृती वाचता आली पाहिजे.

अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. मागाजवळ उजेड कमी असतो आणि पुस्तिका मांडीवर नसून बाजूला दोन हात अंतरावर असते. मुक्ता हा फाँट मुक्त परवान्याचा आहे, जाड-बारीक वजनेही भरपूर मिळतात. ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. पैसे वाचवायचे असतील तर पाने जुळवायला स्क्रायबस वापरा, मात्र जुनी १.४ आवृत्ती नको, तिच्यात देवनागरीची जोडाक्षरे फुटतात. १.६ मध्ये नीट येतात. आकृत्यांना इंकस्केप.

बांधणी स्पायरलची करा, पान उघडे राहायला हवे, दोन्ही हात कामात असतात. आपल्या पावसाळ्यात साधा कागद लहरी मारतो आणि बुरशी धरतो, त्यामुळे जी पाने रोज लागणार (चुकांची पाने, दोऱ्यांचा हिशोब, खुणांची यादी) ती वेगळी काढून लॅमिनेट करून मागाला टांगा. सगळी पुस्तिका लॅमिनेट करायची गरज नाही, खर्च उगाच वाढतो.

क्यूआर कोडबद्दल. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट त्यांच्याच पत्त्यावरून वळवून नेतात आणि काही दिवसांनी पैसे मागतात किंवा कोड बंद पडतो. छापलेली पुस्तिका मात्र दहा वर्षे टिकते. थेट आपल्या ताब्यातल्या पत्त्याचा साधा कोड छापा आणि त्याच्याखाली तो पत्ता अक्षरांतही द्या.

म्हादईकाठ (वाळपई)

सत्तरीतल्या आतल्या गावांत व्हिडिओ ऑनलाइन बघणे म्हणजे आधी रेंज शोधत चढावर जाणे. म्हणून व्हिडिओ उतरवून घेता येतील असे करा, मेमरी कार्डवर भरून द्या, शाळेच्या संगणकावर ठेवा. एका व्हिडिओत एकच कृती, दोन-तीन मिनिटांत संपणारी. फणीतून दोरा कसा ओढायचा, बस एवढेच.

कॅमेरा विणणारीच्या खांद्यावरून खाली बघत असावा. समोरून काढलेल्या चित्रात उजवा हात डावीकडे दिसतो, आणि शिकणारी डोक्यात सगळे उलटे करत बसते. डावखुऱ्या मुलींसाठी क्रोशाचा तोच व्हिडिओ आरशासारखा उलटा करून वेगळा ठेवा, फुकट होणारे काम आहे. दाखवण्यासाठी जाड सूत आणि उठून दिसणारे दोन रंग घ्या. बारीक तांबडा दोरा तांबड्या ताण्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरून दोनदा पुढे गेला की काहीच दिसत नाही. मागाचा आवाज मात्र काढून टाकू नका. पाय, धोटा, ठोक यांची लय कानाने शिकतात. बोलणे वेगळे रेकॉर्ड करून मोठ्या अक्षरांत खाली द्या.

आता शाळेचे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. दहा दिवसांत मूल विणकर होणार नाही, ते अपेक्षितही नाही. माझ्या मते शाळेची पुस्तिका पूर्ण वेगळी करा. पुठ्ठ्याला कडेने खाचा पाडून दोरे बांधले की माग तयार. मुलांना आधी साधे विणू द्या. मग उभे दोरे एक गडद, एक फिका असे आळीपाळीने लावायला सांगा, आडवेही तसेच. बहुतेकांना वाटते बारीक चौकडा येईल. प्रत्यक्षात उभ्या किंवा आडव्या रेघा उमटतात, आणि कुठल्या उमटणार हे आडव्या दोऱ्याची सुरुवात गडदाने केली की फिक्याने यावर ठरते. वर्गात दोघांच्या पट्ट्या वेगळ्या निघतात तेव्हा मुले आपणहून कारण शोधायला लागतात. चौकडा हवा तर रंग दोन-दोन किंवा चार-चार दोऱ्यांचे घ्यावे लागतात, हे ती स्वतः शोधून काढतात. हे पुस्तिकेत आधीच सांगून टाकू नका, उत्तर शिक्षकांच्या पानावर ठेवा.

रानवारा (पेडणे)

सगळे वाचले. कळकळ समजते, पण मला दोन शंका आहेत. हे काम शेजारी बसून शिकायचे आहे, कागद आणि फोन आल्यावर गुरूची गरज संपली असे लोक धरून चालतील. दुसरे, सगळा हिशोब छापून टाकलात की यंत्रमागवाले तोच चौकडा स्वस्तात काढतील. आजही बाजारात कुणबी म्हणून मिळणारे बरेचसे कापड हातमागाचे नसते.

चौकडा (फोंडा)

रानवारा, दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणून सावकाश उत्तर देतो.

शेजारी बसून शिकणे सगळ्यात चांगले यात वाद नाही. पण आज गोव्यात हातमागावर बसणाऱ्या बायका थोड्या आहेत, आणि वर्ग संपल्यावर शिकणारी आपल्या गावी जाते. वर्ग आणि वर्ग यांच्या मधल्या दिवसांसाठी ही पुस्तिका आहे. पहिल्याच पानावर कोणत्या पायऱ्या शिकवणारीसमोरच करायच्या ते लिहू. ताणा करणे आणि पहिल्यांदा माग बांधणे त्यात येईल.

यंत्रमागाचे म्हणाल तर चौकड्याचे दोरे कुणीही भिंग लावून मोजू शकतो, त्याला आपली पुस्तिका लागत नाही. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली काही वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवली आहेत, त्यांत साडी आहे. अंमलबजावणी हा वेगळा लढा आहे. हिशोब लपवल्याने यंत्रमागवाला अडत नाही, गावातली मुलगी मात्र अडते. उलट हातमाग कसा ओळखायचा, हे गिऱ्हाइकासाठी एका पानावर द्यावे असे मला आता वाटते.

मात्र क्रोशाची नक्षी वेगळी. ती अनेकदा एकीची स्वतःची असते. म्हणून आम्ही ठरवले आहे की प्रत्येकीची लेखी संमती तिच्या भाषेत, तिला वाचून दाखवून घ्यायची. जी नक्षी द्यायची नाही ती घ्यायची नाही. शिकवायला बसली तेवढ्या दिवसांची मजुरी द्यायची, कारण त्या दिवशी तिचे काम बुडते. मुखपृष्ठावर नाव लेखिका म्हणून तिचेच, आमची नावे आत. आणि परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, बिगर-व्यापारी, म्हणजे शाळा आणि मंडळे मोकळेपणी छापतील.

रानवारा (पेडणे)

नाव लेखिका म्हणून देणार असाल तर माझा विरोध नाही. गिऱ्हाइकाचे पान जरूर करा, ते बाजारात वाटायला मी मदत करतो.

गालजीबाग (काणकोण)

इथून घाट चढून गेले की कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंद (तुकड्यांची गोधडी) शिवतात. पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज. जुन्या कपड्यांचे तुकडे लावत, कडेपासून सुरुवात करून आत आत धावदोरा घालत मध्यावर संपवतात, चारी कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना 'फुला' म्हणतात. अशा कामाला डावीकडून उजवीकडे क्रमांक दिलेली चित्रे चालत नाहीत. बाहेरून आत जाणारे एकच मोठे चित्र हवे, घडी घातलेल्या पोस्टरवर. तुमच्या पुढच्या भागात घेणार असाल तर तिथल्या एका शिक्षिकेशी ओळख करून देईन.

वहीफणी (डिचोली)

एक राहिले. छापण्यापूर्वी कच्ची प्रत अशा बाईला द्या जी मागावर कधीच बसलेली नाही. तुम्ही शेजारी बसा, पण बोलायचे नाही. ती जिथे थांबते, मागचे पान उलटते, हात मध्येच सोडते, तिथे खूण करा. ती खूण म्हणजे तुमच्या पुस्तिकेतली फट. आणि ही चाचणी एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात घ्या. कोरड्या हवेत सुती ताणा जास्त तुटतो, पावसात खळ चिकट होते आणि भरलेल्या बीमला बुरशी धरते. दोन्ही ऋतूंसाठी सूचना वेगळ्या लागतील.

चौकडा (फोंडा)

पहिली चाचणी चतुर्थी झाल्यावर घेऊ, तोवर बायकांना सवड नाही. दुसरी मार्चनंतर. वहीफणी सर, फणीतून दोरा ओढण्याच्या व्हिडिओला हात तुमचेच हवेत, नाही म्हणू नका. छापखानाभाऊ, लॅमिनेटच्या पानांचा अंदाज निरोपातून कळवा. म्हादईकाठ, पुठ्ठ्याच्या मागाचा धडा तुम्ही लिहाल का?

म्हादईकाठ (वाळपई)

लिहितो. आधी आमच्या सातवीच्या वर्गात करून बघतो, मग पाठवतो.

अबोली (मडगाव)

आंटी फुलाच्या फेऱ्यांचे नमुने करून द्यायला तयार आहेत. त्या विचारतात, दोरा २० नंबरचा घ्यायचा की ४०? मी २० सांगितलाय, शिकणाऱ्यांना टाका दिसायला हवा. आणि प्रत्येक फेरीचे दोन तुकडे करणार आहेत, एक बरोबर, एक झालर आलेला.